कपाटकाकांचा खालचा भाग

धडा, पहिल्यांदा

आधी कपाटकाका. प्लास्टिकचे, डोक्यापासून मांड्यांपर्यंत, हात नाहीत. छातीपोटाचं झाकण कपाटाच्या दारासारखं निघतं म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. विज्ञानाच्या खोलीत खिडकीपाशी उंच स्टुलावर बसतात. आतले अवयव सुटे होतात, आणि खालचे पुरुषाचे नि बाईचे असे आलटून-पालटून बसवता येतात. खुंट्या झिजल्यात, त्यामुळे जोरात दार लागलं की यकृत खाली पडतं आणि ज्याच्या बाकाखाली जातं तो ओरडतो, "बाई, माझ्याकडे आलं."

मग बटण. बटण माझ्या ताईची मुलगी आणि माझ्याच वर्गात, पाचवीत. जन्मली तेव्हा एवढीशी आणि गोल होती, म्हणून बटण. शाळेच्या फाटकाच्या आत मी बाई, बाहेर मावशी. हा नियम तिनेच केला, आणि पाळतेही तीच. मी विसरते.

गेल्या सत्रात बटण दवाखान्यात होती. सगळ्यांना सांगितलं, ताप. ताप होताच. पण तापाआधी कितीतरी दिवस ती "पोट दुखतंय" म्हणत होती आणि ताई तिला पोटाचं औषध देत होती. दुखणं पोटाचं नव्हतं. लघवीला जळजळ होत होती. जळतं म्हणून ती जायचं टाळत होती, धरून ठेवत होती, आणि दुखणं वर चढत चढत मूत्रपिंडापर्यंत पोचलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाळा, आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं ना. पोट." तिच्याकडे तेवढाच शब्द होता. छाती संपली की पोट, पोट संपलं की पाय.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा असंच अंगावर काढलं तर मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहील. भरपूर पाणी पाजा, धरून ठेवू देऊ नका, आणि काय होतंय ते नीट सांगायला शिकवा. ताईने मान डोलावली. बाहेर जिन्यात आल्यावर माझा दंड धरून म्हणाली, "यातलं अक्षर कुणाला कळता कामा नये. शपथ घे." मी घेतली.

नीट सांगायला शिकवा. मी शिक्षिका आहे. माझ्या पुस्तकात 'आपले शरीर' नावाचा धडाच आहे. इतकं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

झाकण काढलं. हृदय एकाच्या हातात, फुप्फुसं दोघांत एक-एक, आतडी बाहेर काढताना नेहमीचं हसणं. मग खाली आले. ही दोन मूत्रपिंडं. या नळ्या. हे मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी. इथून ती बाहेर येते. मुलग्यांची जागा ही, मुलींची ही, आणि या जागांना ही नावं आहेत. फळ्यावर लिहिली. जशी 'कोपर' आणि 'घोटा' लिहिते तशी. दोघं-तिघं खुसखुसले. मी वाट पाहिली. खुसखुसून झाल्यावर त्यांनी वहीत उतरवून घेतलं. तिथे दुखलं, खाजलं, जळलं तर कुणाला सांगायचं? आईला, बाबांना, बाईंना, डॉक्टरांना. कुठल्या शब्दांत? या.

बटण पहिल्या बाकावर होती. ती हसली नाही. फळ्यावरचं बघत ती हळूच ओठ हलवत होती.

घंटा झाली. धडा संपला असं मला वाटलं.

ग्रुप

ग्रुपचं नाव 'पाचवी पालक'. मी त्यात नाही, शिक्षकांना घेत नाहीत. पण जुळ्यांची आई मला प्रत्येक गोष्ट पुढे पाठवते, खाली हात जोडलेलं चित्र लावून, म्हणजे आपण त्यातले नाही असं.

वकीलबाबा : आज जेवताना चिरंजीवांनी आजीला विचारलं की तुझं मूत्राशय बरं आहे का. खुलासा व्हावा.

जुळ्यांची आई : आमच्याकडे तर दोघं एकदम विचारतात.

जिमवाले बाबा : शरीराबद्दल शिकवायला माझी हरकत नाही. मी स्वतः स्नायूंच्या क्षेत्रात आहे. पण काही भाग शिकवायचे नसतात, ते आपोआप कळतात.

एक आजोबा (सुनेच्या फोनवरून) : आम्हाला कुणी शिकवलं होतं? आमचं काय अडलं?

वकीलबाबा : प्रश्न अडण्याचा नाही. प्रश्न वयाचा आहे.

जुळ्यांची आई : कुठल्या वयात शिकवावं मग?

वकीलबाबा : योग्य.

आणि सगळ्यात शेवटी, या ग्रुपची स्थापना जिने केली, शाळेच्या बसपासून बुटांच्या रंगापर्यंत जिच्या शब्दावाचून काही ठरत नाही, ती वर्गाची पालक-प्रतिनिधी :

मी उद्या शाळेत जाऊन बोलते. हे थांबलंच पाहिजे.

ती माझी ताई.

रविवार, आईकडे

"तू मला आधी फोन करायचास," मी म्हणाले.

"तू मला आधी विचारायचंस," ताई म्हणाली. ती ताटं पुसत होती. स्वच्छ ताटं.

"पुस्तकातला धडा शिकवायला तुला विचारू?"

"पुस्तकात चित्र आहे. चित्राला कमरेखाली काही नाही. मी बघितलंय."

"चित्रातल्या माणसाला लघवी होत नसेल."

"हे बघ, हे असं बोलतेस ना तू."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघी जरा हळू. हे वर झोपलेत." हे म्हणजे बाबा, जे झोपलेले नव्हते, दोघींचं भांडण सुरू झालं की ते डोळे मिटून घेतात.

"ताई," मी आवाज खाली आणला. "तुला डॉक्टर काय म्हणाले होते? मी दुसऱ्या कुणासाठी नाही शिकवला तो धडा."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय. तुला पोर नाही, तुला नाही कळायचं."

हे वाक्य ती वर्षातून एकदा-दोनदा काढते, चांगल्या भांड्यासारखं. बटण बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसली होती आणि बराच वेळ तिचं पान उलटलं नव्हतं.

"तिला शिकवायचं तर घरी शिकव," ताई म्हणाली. "दार लावून."

"ठीक आहे. आज शिकवते. आत्ता."

"आज नको. आज सासरे आम्हाला न्यायला येणारेत."

चड्डी

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना भांडण नको असतं. एवढं एक सोडलं तर त्यांना बाकी काहीच नको असतं, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही.

"तुमचं बरोबरच आहे," त्या मला म्हणाल्या. "आणि त्यांचंही बरोबर आहे. मी मधला मार्ग काढलाय." आणि टेबलावर एक पिशवी ठेवली. आत चड्डी होती. निळी, शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या कापडाची, इलॅस्टिक लावलेली. शिवणाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत कपाटकाकांचं माप घेऊन शिवली होती.

"त्यांना पाय नाहीत," मी म्हणाले. "मांडीवर संपतात ते. चड्डी राहणार कशी?"

"म्हणून तर इलॅस्टिक," मोठ्या बाई म्हणाल्या.

एक दिवस कपाटकाका चड्डी घालून बसले. त्या एका दिवसात विज्ञानाच्या खोलीत जेवढी पोरं डोकावली तेवढी वर्षभरात डोकावली नव्हती. सातवीचे आले. आठवीचे आले. ज्यांनी कपाटकाकांकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं ते दारात उभे राहून एकमेकांना कोपराने ढोसत होते. शिवणाच्या बाई माझ्याकडे बघून हताशपणे म्हणाल्या, "मापात काही चूक नाही हो माझी."

संध्याकाळी ग्रुपवर वकीलबाबा : चड्डीमुळे लक्ष जास्तच वेधलं जातं अशी पाल्याची माहिती आहे. खुलासा व्हावा.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर चड्डी नव्हती, आणि चड्डीच्या आतलंही काही नव्हतं. मॉडेलचा खालचा तुकडा वेगळा निघतो. शिपाईमामांनी चार स्क्रू काढून तो काढला होता. तुकडा मोठ्या बाईंच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, किल्ली मोठ्या बाईंकडे. कपाटकाका बेंबीच्या थोडं खाली संपत होते, आणि दोन बाजूंनी दोन पिवळ्या नळ्या लोंबकळत होत्या, कुठेच न जाणाऱ्या.

"मामा, मूत्राशय त्या तुकड्यात होतं."

"मला काय माहीत, बाई. मला म्हणाल्या, खालचं काढा. मी खालचं काढलं."

धडा, दुसऱ्यांदा (मोठ्या बाईंनी तपासून दिलेला)

मुलांनो, आपल्या शरीरात दोन ———— असतात. ती रक्त गाळतात. गाळून जे नको असतं ते पाण्याबरोबर बाहेर टाकलं जातं. या पाण्याला ———— म्हणतात. ते दोन नळ्यांतून खाली येतं आणि ———— साठतं. नंतर ते शरीराबाहेर जातं. स्वच्छता राखावी.

पहिली रिकामी जागा त्यांनी नंतर दयेने भरून दिली. मूत्रपिंड म्हणायला हरकत नाही, म्हणाल्या, पण 'मूत्र' शब्दावर जोर देऊ नका.

"बाई, नळ्या कुठे जातात?"

"खाली."

"खाली कुठे? खाली स्टूल आहे."

"खाली एक भाग होता. तो सध्या नाहीये."

"कुठे गेला?"

"मोठ्या बाईंच्या कपाटात."

वर्ग जरा विचारात पडला. मागच्या बाकावरून जुळ्यांपैकी एक उठला. "म्हणजे किडनीत पाणी तयार होतं आणि मोठ्या बाईंच्या कपाटात जातं?"

मी हसले नाही. सगळा वर्ग हसत असताना न हसणं फार कठीण काम आहे, त्याचा वेगळा पगार द्यायला हवा.

"मग ते साठतं कशात, बाई? तुम्ही परवा दाखवलं होतं. त्याचं नाव काय होतं?"

त्यांना माहीत होतं. नाव वहीत होतं, सगळ्यांच्या. त्यांना बघायचं होतं, मी म्हणते का. परवा म्हणण्यासारखा असलेला शब्द आज म्हणण्यासारखा राहिलाय का. दहा वर्षांची पोरं, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हणाले, "पुढच्या इयत्तेत आहे ते."

माझ्या तोंडून हे आलं. बटणने पेन्सिल खाली ठेवली. तेव्हापासून मी तिच्याकडे पाहिलं की ती वहीकडे बघायची.

सभा

सभा विज्ञानाच्या खोलीत, कारण मोठ्या बाईंच्या मते आक्षेप आहे ती वस्तू पालकांनी प्रत्यक्ष बघावी आणि मग मत द्यावं. त्यासाठी खालचा तुकडा कपाटातून बाहेर आला. टॉवेलात गुंडाळून. शिपाईमामांनी तो टेबलावर असा ठेवला, जसं काही गरम आहे.

मुलांच्या बाकांवर पालक. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. ताई समोर, हातात कागद. माझ्याकडे बघत नाही, मीही नाही. दोन परक्या बायका. ताईने वाचलं : आम्ही शिक्षणाच्या विरोधात नाही. एकंदर भावना लक्षात घेता. वयाला साजेसं. मोठ्या बाईंनी मान हलवली, दोन्ही बाजूंना पुरेल अशी. मी म्हणाले, बघा तरी एकदा, काय दाखवते मी ते. आणि झाकण काढलं.

पुढचं मला अजून कळलेलं नाही.

आधी जिमवाले बाबा उठले. स्नायूंच्या क्षेत्रातले असल्यामुळे. म्हणाले, हे काय? मी म्हणाले, यकृत. ते म्हणाले, एवढं मोठं? आणि आपल्या उजव्या बरगड्यांखाली हात ठेवून उभे राहिले. मग जुळ्यांची आई, अहो दोघं एकदम कुठे मावतात, जरा दाखवा ना, मला नऊ महिने वाटायचं की एक माझ्या छातीत बसलाय. मग आजोबा, जे सुनेच्या फोनवरून लिहायचे, ते काठी टेकत आले आणि म्हणाले, प्रोस्टेट म्हणतात ते कुठे असतं हो, डॉक्टरने तीनदा सांगितलं, मी तीनदा हो म्हणालो. मी टेबलावरचा टॉवेल काढला आणि दाखवलं. आजोबा वाकून बराच वेळ बघत राहिले. "हे होय," म्हणाले. "हे एवढंसं. आणि रात्रभर उठवतं." जिमवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली. वकीलबाबा एकटेच बसून होते, आणि मग तेही उठले, आणि अगदी हळू आवाजात, जसं साक्षीदाराला बाजूला घेतात तसं, "माझा मुतखडा नेमका कुठे होता?" मी पिवळी नळी त्यांच्या हातात दिली. ते ती बोटांत फिरवत म्हणाले, "या एवढ्याशा नळीत? मला वाटलं होतं, मी मरतोय. सगळ्यांना सांगत होतो, पोट दुखतंय, पोट दुखतंय."

मी ताईकडे पाहिलं. ताई कागदाकडे बघत होती.

त्यांना थांबवता थांबवेना. मूत्राशय हातोहात फिरलं. कुणी विचारलं यात मावतं किती, कुणी विचारलं आपण धरून ठेवतो तेव्हा नेमकं काय धरतो. लोक एकमेकांना ऑपरेशनं सांगू लागले. एकीने गर्भाशय हातात घेऊन म्हटलं, मुठीएवढंच की, आणि आपली मूठ मिटून बघितली, आणि शेजारच्या बाईनेही मिटली. पंचेचाळीस मिनिटांचा तास मी इतकी वर्षं घेतेय, इतका चांगला वर्ग मला कधी मिळाला नव्हता. मला वाटलं, झालं.

मग त्यांनी सगळं परत बसवायला घेतलं. मी मदतीला पुढे झाले तर जिमवाले म्हणाले, बाई, तुम्ही बसा, आम्ही करतो. यकृत डावीकडे गेलं. जठर उजवीकडे. एक मूत्रपिंड उरलं, ते वकीलबाबांनी फुप्फुसाच्या मागे सारलं आणि झाकण दाबून लावलं. टक् असा आवाज आला. सगळ्यांना समाधान वाटलं.

आणि हात वर करा म्हटल्यावर, शिकवू नये, या बाजूने जवळजवळ सगळे हात वर.

मला वाटलं, त्यांनी प्रश्न नीट ऐकला नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच हात.

"पण तुम्ही आत्ताच," मी म्हणाले.

"आमची गोष्ट वेगळी आहे, बाई," वकीलबाबा म्हणाले. खूप प्रेमाने म्हणाले. "आम्ही मोठी माणसं आहोत. आणि तुम्ही फार छान समजावता, यात वादच नाही. अभिनंदन."

आजोबांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले आणि मग त्यांनीही एक हात वर केला, उशिरा, मोजताना राहून जाऊ नये म्हणून.

सभेत मी जे बोलले नाही

की तुमच्यातल्या एका घरातली मुलगी. की तिला शब्द माहीत असता तर पहिल्याच दिवशी. की ते घर या खोलीत आहे, पहिल्या बाकावर आहे, हातात कागद घेऊन आहे.

ओठांपर्यंत आलं होतं. ताईने तेवढ्यात मान वर केली. चेहरा असा, जसा लहानपणी माझ्या हातून काही फुटायच्या आधी व्हायचा. मी शपथ घेतली होती. मी म्हणाले, "सभेला आल्याबद्दल आभार."

नंतर रिकाम्या खोलीत ती थांबली. मी झाकण काढून यकृत बाहेर घेत होते.

"तुला वाटतं, मला कळत नाही," ती म्हणाली.

"मला आता काही वाटत नाही, ताई. दमलेय मी."

"तू तो धडा शिकवलास त्या दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, उद्या मी वर्गात सांगणार, मला हे झालं होतं म्हणून. बाईंनी सांगितलंय, सांगायचं असतं. खुशीत होती. उड्या मारत होती." ताईने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "सगळ्या वर्गासमोर. मग ती पोरं काय नाव ठेवतील तिला? जन्मभर राहतं ते. तुला माहितीये, मला काय म्हणायचे शाळेत."

मला माहीत होतं. मी लहान होते, पण मला माहीत होतं. एकदा वर्गातच तिला धरवलं नव्हतं. पुढे दहावीपर्यंत तिला 'नळ' म्हणायचे.

"म्हणून सगळ्या वर्गाचा धडा बंद?"

"म्हणून," ती म्हणाली. "आणि मला दुसरं काही सुचलं नाही. तुला सुचलं असतं तर तू सांगायचंस."

मी यकृत उजवीकडे बसवायला गेले. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. "ते असू द्या," त्या म्हणाल्या. "पालकांनी मान्य केलेली मांडणी आहे. निदान या वर्षी नको बदलायला."

धडा, तिसऱ्यांदा

तो धडा नव्हताच. चुंबक चालू होता. लोहकीस कागदावर, खाली चुंबक, सगळे वाकलेले. बटण वाकली नव्हती. गुडघे एकमेकांवर घट्ट दाबून, टेबलाची कड धरून.

"बाई," ती म्हणाली, "पोट दुखतंय. घरी जाऊ?"

मी तिला बाहेर नेलं, पाण्याच्या टाकीपाशी, जिथे कुणी नव्हतं. खाली बसले. "बटण, कुठे दुखतंय?"

"पोट."

"नीट सांग. मी मावशी आहे."

"फाटकाच्या आत बाई आहेस."

"बरं, बाई तर बाई. मी फळ्यावर लिहिलं होतं ना सगळं? त्यातलं कुठलं?"

ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तिच्या कपाळाला हात लावला, गरम होतं. "आई म्हणाली, शाळेत पोटच म्हणायचं," ती म्हणाली. "काही झालं तरी पोट."

"आणि घरी?"

"घरी आजोबा असतात."

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"पोट दुखायला, बटण. पोट."

तिने खांदे उडवले. मला इतका राग आला की मी उठून टाकीचा नळ उगीच सोडला आणि बंद केला. राग कुणाचा ते ठरवता येईना. तिला जवळ घेतलं तर ती आक्रसली, म्हणाली, "दाबू नको, जोरात लागलीये." "मग जा ना, समोरच तर आहे." "नको," ती म्हणाली. आणि मग एवढंच, "तिथे जाणं नको."

मी ताईला फोन लावला.

दवाखाना

तेच डॉक्टर. बाहेर बाकावर माणसं, आतला दरवाजा नीट लागत नाही, आतलं बाहेर ऐकू येतं. त्यांनी पेन उघडलं.

"काय होतंय?"

बटणने आईकडे बघितलं. ताईने माझ्याकडे. मी भिंतीलगतच्या वजनकाट्याकडे. मी ठरवून आले होते, मी बोलणार नाही. मी बोलले तर ती पुन्हा माझीच गोष्ट होईल.

"ताप आहे," ताई म्हणाली. "आणि पोट."

"पोट कुठे?"

"पोट म्हणजे," ताई म्हणाली. "म्हणजे पोटातच. जरा खालच्या बाजूला. तसं पोटच."

डॉक्टर थांबले. पेन तसंच. बाहेर कुणीतरी खोकलं आणि खोकला मध्येच दाबला, ऐकण्यासाठी. ताईचे कान लाल झाले होते.

"तू सांग ना," ती मला म्हणाली. "तुला येतं."

"मला परवानगी नाही," मी म्हणाले. वाईट बोलले. पण ते खरंही होतं, सगळ्यांनी हात वर करून ठरवलं होतं.

ताईने डोळे मिटले. अगदी बाबांसारखे. आणि मिटल्या डोळ्यांनी, एका दमात, नको इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तिला लघवीला जळजळ होते. मला सकाळी कळलं होतं. मी म्हटलं, शाळेतून आली की बघू."

बाहेरचं कुणी हललं नाही.

"सकाळी नाही," बटण म्हणाली. "शनिवारपासून. आणि जळतं ते आत नाही, बाहेर येताना जळतं. आणि पाठीत पण, इथे, पण इकडच्याच बाजूला. आणि गेले तरी परत लगेच लागते." तिने मोठा श्वास घेतला. "आणि पोट अजिबात दुखत नाही."

डॉक्टर लिहीत होते. "आता लवकर आलात," ते म्हणाले. "तपासणी करून घ्या, औषध आजच सुरू." व्रणाबद्दल ताईने विचारलं. ते म्हणाले, कळेल, बघू, आत्ताच काही सांगता येत नाही.

बाहेर पडताना बाकावरच्या माणसांनी आपापले फोन बघायला घेतले. आम्ही पायऱ्यांवर आलो. समोर रस्त्यावर एक टेम्पो मागे घेत होते आणि एक जण त्याला हातवारे करत होता.

"सभेचं मी काही बदलायला लावणार नाहीये," ताई म्हणाली.

"माहितीये."

"म्हणजे मला नाही जमणार. वकील आहे तो."

"माहितीये म्हटलं ना."

बटण मधे उभी होती, बाटलीतून पाणी पीत. "आई, एक विचारू?"

"घरी गेल्यावर."

"घरी आजोबा असतात."

"मग उद्या. मावशीला. शाळेत."

"शाळेत नाही विचारायचं म्हणालीस."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी काही सुचवलं नाही. टेम्पोवाला अजून मागे येत होता. "बरं, विचार," ती शेवटी म्हणाली आणि पायरीवरच बसली, पर्स मांडीवर घेऊन.

"किडनीतून ते पाणी खाली येतं, ते मधे कुठे थांबतं का? की सरळ येतं?" उत्तर तिच्या वहीत होतं.

"थांबतं," ताई म्हणाली. तिने आजूबाजूला पाहिलं, मग बोटाने हवेत एक गोल काढला. "तिथे एक पिशवी असते. जेवण जातं ना, त्याच पिशवीला लागून एक. जेवण एका बाजूला आणि पाणी एका बाजूला, असं."

साफ चूक. पिशवी सोडली तर एकूण एक शब्द चूक. मी तोंड उघडलं.

"आणि मग?" बटण म्हणाली, आणि आईच्या शेजारी पायरीवर टेकली.

"आणि मग भरत आली की ती पिशवी सांगते," ताई म्हणाली.

मी तोंड मिटलं. दात इतके आवळले होते की कानाखाली दुखायला लागलं. दोघींच्या मागे, एक पायरी वर, मी उभी राहिले.